ओढ्याकडून तिसरी

राजेश्रीला जुळं झालं, त्याच्या पुढल्याच ईस्टरची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी. रडायची दोघं एकदमच, पण झोपायची मात्र पाळीपाळीनं! राजेश्रीचा नवरा ऊसतोडीला गेलेला. घरात पाळणे दोन आणि हात कमी. तेव्हा तिच्या सासऱ्यानं, म्हणजे आसारामनं, तिच्यापुढं सौदा ठेवला.

"दोनी पाळणे मी हालवतो माय. बदल्यात तू मला अक्षरं शिकव."

"मामा, आता ह्या वयात?"

"वय पाळण्यातल्यांचं बघ. माझं कशाला बघतीस?"

आसाराम तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. चाळीस हंगाम त्यानं कोयता धरलेला. पेन्सिल हातात घेतली की ती ऊस समजून तो धरायचा आणि कट्कन मोडायचा. पहिल्या महिन्यात अकरा पेन्सिली गेल्या! पण गडी हटला नाही. दोन पाळण्यांच्या दोन दोऱ्या त्यानं दोन पायांच्या अंगठ्यांना बांधल्या आणि हात पाटीला मोकळे ठेवले. पोरं झोपली की धडा बंद, पोरं उठली की धडा सुरू. त्यामुळं त्याचा अर्धा अभ्यास रडण्याच्या गजरातच झाला.

नाताळापर्यंत बाराखडी संपली. मग तो ताडकळसच्या बाजारात जाऊन पाट्या वाचायला लागला. एकदा एसटीची पाटी वाचत उभा राहिला. "प... र... भ..." तो 'णी'पर्यंत पोचला तेव्हा गाडी वळणावर पोचली होती!

पण हे सगळं त्यानं गाड्यांच्या पाट्यांसाठी केलं नव्हतं. त्याच्या मनात एकच दगड होता.

गावात लुथरन मंडळीची अकरा घरं. पत्र्याचं चर्च, एक घंटा, आणि पाळकसाहेब परभणीहून मोटरसायकलवर येणारे. त्यांच्याकडं अशा चार मंडळ्या. ईस्टरची पहिली उपासना मात्र इथंच, पहाटे, ओढ्याकाठच्या कबरस्तानात. रीत अशी, की आदल्या दिवशी, शनिवारी, ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या कबरीला चुना लावायचा. पहाटे मेणबत्ती लावून कबरीपाशी उभं राहायचं. पाळकसाहेब म्हणणार, "प्रभू उठला आहे!" मंडळी म्हणणार, "खरोखर उठला आहे!" मग प्रत्येक घरच्या कर्त्यानं आपल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं.

आसारामची आई सारजाबाई त्या कबरस्तानात निजलेली. तिच्या डोक्याशी गंगाखेडच्या पाथरवटानं घडवलेला दगड होता. त्यावरचं आईचं नाव आसारामनं आजवर कधी वाचलं नव्हतं, कारण वाचताच येत नव्हतं. दरवर्षी तो ते पाठचं बोलायचा.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळातल्या एका बुधवारी प्रार्थना झाल्यावर, चहा यायच्या आत, तो उभा राहिला.

"मंडळी, ऐका! यंदा ईस्टरला मी माझ्या मायचं नाव तोंडपाठ म्हणणार न्हाई. दगडावर बोट ठिवून, बघून वाचणार!"

भुजंगराव हसला. भुजंगराव मंडळीचा पंच. चर्चची किल्ली त्याच्या करगोट्याला, म्हणून तो स्वतःला अर्धा पाळक समजायचा.

"वाचणार म्हणं! आरं, गायनाचं पुस्तक तू आजपस्तोर उलटं धरून गायलास."

"पुस्तक उलटं होतं, सूर सुलटाच होता. तुझं पुस्तक सुलटं असून सूर कुठं जायलाय ते इचार मंडळीला!"

मंडळी हसली, आणि तिथंच पैज पक्की झाली. आसाराम दगड वाचणार, नाही वाचला तर पुन्हा पुस्तक हातात धरणार नाही.

शनिवार उजाडला. ड्रममध्ये चुना भिजवलेला. ब्रश, बादल्या, बायका, म्हातारे सगळे ओढ्याकाठी. आसाराम आला तो ब्रश नाही, खुरपं घेऊन!

"आरं, चुना लावायचाय का काढायचाय?" भुजंगरावानं विचारलं.

"आधी काढायचाय. मायचं नाव चुन्याखाली हाय."

खरंच होतं ते. नव्या ओळीतल्या कबरींवर सिमेंट आणि रंगवलेली नावं. पण जुन्या ओळीतले पाच दगड सालोसाल चुना खाऊन इतके गुबगुबीत झाले होते, की त्यावर अक्षर सोडा, कोपरासुद्धा राहिला नव्हता. सगळे सारखेच, जसे ओळीनं मांडलेले रव्याचे लाडू! आपली कबर ओळखायची ती ओढ्याकडून मोजून. पंडितची दुसरी, आसारामची तिसरी, भुजंगरावाची चौथी, म्हाताऱ्या सितारामबापूची पाचवी. पहिली ज्यांची, ते घर कधीचं पुण्याला गेलेलं. तिच्यावर वेडी बाभूळ माजलेली.

"उद्या पहाटं उपासना, आन् तू आज कबर सोलायलास?" भुजंगराव ओरडला. "पंच म्हणून सांगतो, थांब!"

"पंच देवळात. हितं माझी माय हाय."

आणि त्यानं खुरपं लावलं. चुना निघायला लागला. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थरावर थर! हा ओल्या दुष्काळाचा थर, हा पोराच्या लग्नाचा, हा कोरोनाचा, त्या साली एकट्यानं लावलेला, पातळ. आसारामची बायको दैवशाला पदरानं धूळ झटकत होती. राजेश्री दोन काखांत दोन पोरं घेऊन उभी. तासाभरानं काळा दगड दिसला, आणि त्यावर अक्षरं!

आसारामनं बोट ठेवलं. घसा खाकरला. 

"भि... मा... बा... ई."

तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा भिमाबाईच.

"राजेश्री, बघ गं. माझंच काई चुकायलंय."

राजेश्रीनं वाकून बघितलं. "न्हाई मामा. बरोबर वाचलंत. भिमाबाईच हाय."

आयुष्यात पहिल्यांदा दगडावरचं वाचलं, एक कानामात्रा न चुकता वाचलं, आणि बरोबर आलं याचंच त्याला रडू आलं!

कारण भिमाबाई म्हणजे भुजंगरावाची आजी. तिचं आणि सारजाबाईचं एका कोंबडीवरून हाडवैर. कोंबडी सारजाबाईची, पण अंडी घालायची भिमाबाईच्या अंगणात. वीस वर्षं त्या बोलल्या नाहीत. मरताना सारजाबाईनं सगळ्या गावाला क्षमा केली. तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, "भिमाबाईला?" सारजाबाईनं भिंतीकडं तोंड केलं. तीनदा विचारलं, तीनदा भिंत!

आणि त्याच भिमाबाईच्या पायाशी तिचा लेक इतकी वर्षं फुलं वाहत होता.

"माझ्या आजीला रडलास व्हय रं!" भुजंगरावाला हसू आवरेना. "बरं झालं बाबा. आमच्या घरात तर तिला कुणी रडलं न्हाई." मग त्याचं हसू एकदम विझलं. "पण थांब. आजी हितं, तर मी कुणापुढं उभा ऱ्हातोय?"

त्यानं कुणाचं तरी उलथनं हिसकावलं आणि चौथ्या दगडावर तुटून पडला. ज्यानं तासाभरापूर्वी पंच म्हणून हुकूम दिला होता, तोच आता चुना असा उडवत होता की पाठीमागची माणसं पांढरी झाली. नाव निघालं: मल्हारी. म्हणजे सितारामबापूचा बाप!

सितारामबापू काठी टेकत पुढं आला. "म्हंजी माझा बाप चौथा? मग पाचवा कोण रं?"

पाचव्या दगडाला तिघं लागले. राजेश्रीनं वाचलं आणि तोंडाला पदर लावला.

"काय हाय गं माय? सांग की!"

"बापू, ह्याच्यावर 'परभणी २४' लिवलंय."

"माझ्या बापाचं आडनाव परभणी न्हाई!"

तो सडकेवरचा मैलाचा दगड होता. बापू मटकन खाली बसला. "ह्याच्यापुढं मी लेकीच्या लग्नासाठी हात जोडले रं! रडून सांगितलं, बाप्पा, सोयरीक जमू दे म्हणून. आन् आठ दिसांत जमली!"

"परभणीचाच पोरगा मिळाला ना पण?" भुजंगराव म्हणाला.

"व्हय."

"मग? दगडानं बरोबर वाट दावली!"

शेवटी दैवशालानं कोडं सोडवलं. ती कबरीच्या कडेला बसून बोटं मोजत होती. "आवो, आठवतंय का? त्या पुराच्या साली आपुन समदे तोडीला होतो. दसऱ्यानंतर ओढा फुटला. उपासकाळात परत आलो तवा हितं गुडघाभर गाळ. गाळ उपसला, दगडं उभी केली, आन् तुमी गडी लागलात ओढ्याकडून मोजायला. पहिली कबर तर गाळातच गेली! तवापासून समदे एकएक घर फुडं सरकलात. बापूला कबर उरली न्हाई, म्हणून पुरात वाहून आलेला सडकेचा धोंडा मिळाला."

सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. हिशोब चोख होता. म्हणजे सारजाबाई दुसरी! म्हणजे पंडित चुना लावतो ती!

पंडित हा मंडळीतला सगळ्यात चिकट माणूस. मेणबत्तीसुद्धा अर्धी मोडून लावायचा. उरलेली पुढल्या ईस्टरला. त्यानं सकाळीच येऊन आपल्या दगडाला चुन्याचे दोन हात दिले होते. सगळे आपल्याकडं वळलेले दिसताच तो दगडावर चढून बसला!

"हात लावायचा न्हाई! दोन हात मारलेत मी!"

"ऊठ माझ्या मायवरून!" आसाराम गरजला.

"तुझी माय कशावरून? माझा बाप हाय ह्यो!"

"मग बापावर बसतंय का कुणी?"

"माझा बाप, मी बसंन! उद्या उपासना झाल्यावर खरवड काय खरवडायचं ते."

"मी मंडळीत बोललोय पंडित. उद्या वाचायचंय, तर आज दिसलंच पायजे. तू उठंपर्यंत मीबी उठणार न्हाई."

आणि आसाराम त्याच्यासमोर मांडी घालून बसला. बारा वाजले. एक वाजला. एप्रिलचं ऊन, खाली तापलेला चुना. पंडित तव्यावरच्या भाकरीसारखा कड बदलत होता. दैवशालानं आसारामला भाकरी आणि ठेचा आणून दिला. पंडितच्या बायकोनं दुरूनच सांगितलं, "जेवायचं तर घरी या. सासऱ्याच्या डोस्क्यावर ताट मांडणार न्हाई मी."

तरी पंडित उठेना. आसाराम हटेना. भुजंगरावानं पंच म्हणून दोघांना समज दिली, आणि दोघांनी एकदम त्याला सांगितलं, "तू गप ऱ्हा!"

हा तिढा सोडवला राजेश्रीनं. तिनं दोन्ही पोरं सासूच्या मांडीवर दिली, कोयता घेतला आणि ओढ्याकडच्या पहिल्या दगडाभोवतीची बाभूळ छाटायला लागली. ज्या दगडाकडं कुणी फिरकत नव्हतं, ज्याला पुरानंतर चुन्याचा एक थेंब लागला नव्हता, त्याचा मूळचा चुना पावसानं केव्हाच धुऊन नेला होता आणि अक्षरं कालच कोरल्यासारखी लख्ख होती.

"पंडितमामा, तुमच्या वडलांचं नाव काय हो?"

"दादाराव."

"मग ते हितं हायत. काट्यात."

पंडित उठला तो धावतच गेला आणि बापाच्या दगडाला मिठी मारली. काटे सदऱ्यातून आरपार! "आगं आई गं!" ओरडला, पण मिठी सोडली नाही. बापाला पस्तीस वर्षं ना चुना, ना मेणबत्ती. फुकट वाचलेल्या मेणबत्तीचं पंडितला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

"पस्तीस वर्षं माझ्या मायला अर्धी मेणबत्ती लावलीस तू!" आसारामनं मागून सुनावलं.

"अर्धी का हुईना, तुझ्या मायला लावली की!" पंडित काटे उपटत म्हणाला. "तू पुरी लावलीस, ती भिमाबाईला!"

आसाराम दुसऱ्या दगडाकडं वळला. त्यानं खुरपं उचललं.

दुसरा दगड सोलताना त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. पंडितचे सकाळचे दोन हात गेले, जुने थर गेले, सगळ्यात तळाचा, त्याच्या स्वतःच्या हातचा चुना गेला. उन्हं ओढ्यापलीकडं उतरली होती. मंडळी वर्तुळ करून उभी.  आसारामनं धोतराच्या सोग्यानं दगड पुसला, बोट ठेवलं आणि ठासून वाचलं.

"आ... सा... रा... म."

मंडळी एक पाऊल पुढं सरकली.

"फुडं वाचा मामा," राजेश्री हळूच म्हणाली.

"ल... क्ष्म... ण. प्रभू... मध्ये... निजला. नऊ मार्च एकोणीसशे चौऱ्यांशी."

 मग दैवशाला म्हणाली, "आवो, मग मी इतकी वर्षं कुणाच्या भाकरी थापायले?"

भुजंगराव पोट धरून खाली बसला. "बायबलातला लाजर मेल्यावर चार दिसांनी उठला, तू एकेचाळीस वर्षांनी उठलास रं आसाराम!"

आसारामला तेव्हा सगळं आठवलं. गंगाखेडला तो गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, तीन रात्री झोप नव्हती. पाथरवट म्हणाला, "नाव?" यानं सांगितलं, आसाराम. गिऱ्हाईकाचं नाव विचारतोय असं वाटलं. "बापाचं?" लक्ष्मण. "कधी झालं?" नऊ मार्चला. "काय लिवायचं?" आमच्यात प्रभूमध्ये निजणं म्हणत्यात. मग पाथरवटानं विचारलं होतं, "दगड न्यायला कोण येणार?" आणि हा म्हणाला होता, "मीच येणार की! आसाराम!" पाथरवटाचा हातोडा तिथंच थबकला होता. दगड न्यायला गेल्यावर त्यानं याच्याकडं सरळ बघितलंसुद्धा नव्हतं. न मागता चहा पाजला आणि लवकर जा म्हणाला. आसारामला वाटलं, काय दयाळू माणूस! दगड आणला, ईस्टरच्या आदल्या शनिवारीच उभा केला, आणि तासाभरात वर चुना. कुणी वाचायचं ते?

सगळे हसत होते. आसाराम हसत नव्हता. इतक्या खटाटोपानं तो अक्षरांपर्यंत पोचला, आणि आईचं नाव कुठंच नव्हतं. कधी नव्हतंच. तो दगडाकडं बघत उभा राहिला. दैवशालानं त्याचं तोंड बघितलं आणि मंडळीला म्हणाली, "बास करा आता."

हसणं थांबलं.

"मामा, नवा दगड करायला टाकू," राजेश्री म्हणाली. "उद्याच्याला पाठचं म्हणा."

"न्हाई." आसारामनं ड्रमकडं बोट केलं. "वाचायला शिकवलंस तवा लिवायलाबी शिकवलंस ना? आण ती बादली."

ड्रमच्या तळाला ओंजळभर चुना उरला होता. ब्रश जाडा, म्हणून बाभळीची काडी चावून त्यानं तिची कुंची केली. बादली कोण धरणार? भुजंगराव पुढं आला आणि बादली धरून उभा राहिला, भिमाबाईचा नातू! 'सा'चा काना वाकडा झाला, 'जा' दगडाच्या कडेला गेला. भुजंगराव एवढंच म्हणाला, "घाई करू नगंस. चुना हाय अजून." दिवेलागणीपर्यंत आसाराम लिहीत होता. स्वतःचं कोरलेलं नाव त्यानं बुजवलं नाही. म्हणाला, "कोरलेलं बुजवत बसलो म्हणून तर इतकी वर्षं गेली." पण दगडावर खोटं राहू नये, म्हणून खाली आणखी एक ओळ घातली.

पहाटे पाळकसाहेबांची मोटरसायकल आली. दिव्याच्या उजेडात त्यांना जुनी ओळ दिसली: खरूज झालेल्या म्हशींसारखे सोललेले काळे दगड, आणि 'परभणी २४' पुढं एक पेटलेली मेणबत्ती! सितारामबापूनं दोन आणल्या होत्या; एक बापाला, एक या दगडाला. "इतक्या वर्षांचा लोभ हाय साहेब, एकदम कसा तोडू?" पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, पण पूर्वेला तांबडं फुटत होतं. ते म्हणाले, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!"

मग नावं सुरू झाली. पंडितनं बापाचं घेतलं, त्याच्या हातात अख्खी मेणबत्ती होती. आसारामची पाळी आली. त्यानं मेणबत्ती दैवशालाच्या हातात दिली, दगडावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर बघून, मोठ्यानं, न अडखळता वाचलं.

"सारजाबाई लक्ष्मण. प्रभूमध्ये निजली."

थांबायला हवं होतं, पण वाचणारा माणूस नवा. समोर लिहिलंय ते वाचायचं एवढंच त्याला ठाऊक. बोट खाली सरकलं.

"आसाराम जागा आहे!"

आणि मंडळीनं सवयीनं, एका सुरात, ओढा दणाणून उत्तर दिलं, "खरोखर जागा आहे!"

पाळकसाहेबांना खोकला आला तो पुढच्या गायनापर्यंत गेला नाही.

पुढं दगडाची खात्री करायला परभणीहून माणसं आली, कुणी फोटो काढले, कुणी आसारामलाच विचारलं की वर गेल्यावर कसं वाटलं. त्यांच्यासाठी एकदाच स्पष्ट लिहून ठेवतो. त्या कबरीत आसाराम नाही. सारजाबाई आहे. ती मेली ९ मार्च १९८४ला, उपासकाळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी, सकाळी.